सोलरकाका

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत ऊन पडत नाही, ते जमा होतं. निदान सोलरकाकांच्या हिशेबी तरी. जिन्यात भेटले की नमस्काराआधी आकडा येतो, "काल ७२ युनिट!" ढगाळ दिवशी चेहरा असा, की घरात कुणी आजारी आहे का, असं विचारावंसं वाटतं.

काका बँकेतून निवृत्त. सूर्य हा त्यांच्या लेखी आदर्श ठेवीदार. रोज भरणा करतो, व्याज मागत नाही. २०१८ साली त्यांनी गच्चीवर २० किलोवॅटची पॅनेलं बसवायचा ठराव आणला. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं वाळवण उठणार!

"वहिनी, देश ८० टक्क्यांच्या वर खनिज तेल बाहेरून आणतो!"

"आणू दे. पापड मी घरीच करते."

दोन सभांनंतर पॅनेलं बसली. वहिनी दबा धरून राहिल्या.

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. पण लिफ्ट हलेना, पंप बोलेना. नाकाखाली मास्क ओढून अख्खी सोसायटी गच्चीवर. वर लख्ख ऊन, खाली पॅनेलं ढिम्म!

"ग्रिड गेली की आपली यंत्रणाही आपोआप बंद होते," काका पुटपुटले. "नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि दुरुस्ती करणारा वायरमन चिकटेल."

"म्हणजे एवढ्या उन्हात नुसती पॅनेलं वाळत घातलीत?" वहिनी म्हणाल्या.

काकांनी बॅटरीचं कोटेशन मागवलं. किमतीपेक्षा दुसरीच ओळ जिव्हारी लागली : सेल चीनचे. तेल आखातातून, सेल चीनमधून. उसनवारीचं दार तेवढं बदललं. २०२३ साली जम्मूत रियासीला लिथियम सापडल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पेढे संपले, लिथियम अजून जमिनीतच आहे.

मग त्यांना भिरा सापडलं. रायगड जिल्ह्यातल्या टाटांच्या या जलविद्युत केंद्रात १५० मेगावॅटचा एक संच आहे. विजेला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा तो पाणी वर चढवतो; मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. "पाणी हीच बॅटरी!" काका ओरडले आणि त्यांची नजर आपल्याच गच्चीवरच्या टाकीवर गेली. त्या टाकीतून वीज होणार नव्हती, पण दुपारचं ऊन पाण्याच्या रूपात वर चढवून ठेवता येणार होतं. चीनला न विचारता.

ठराव एकमताने मंजूर झाला. वहिनींनीच अनुमोदन दिलं. पॅनेलांच्या दोन ओळींमधला पट्टा वाळवणाला मिळाला होता.

आता आमचा पंप पहाटे सहाऐवजी दुपारी साडेबाराला लागतो. तो काकांच्या खिडकीखाली आहे. त्यांची वामकुक्षी कायमची गेली.