बर्म्युडा

निवृत्तीनंतर मास्तराला एखादं खूळ लागलेलं बरं, नाहीतर तो घरातल्या माणसांचे पेपर तपासत बसतो. मला लॉनचं खूळ लागलं.

राजूरला लॉन म्हटल्यावर वणीचे मित्र पोट धरून हसले. त्यांचंही बरोबर होतं. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या. आमच्याकडे पानावरून बोट फिरवलं तर बोट कधी काळं होतं, कधी पांढरं. जमीन कापसाची. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चष्मा आत गेला तर दिसतो, पण हाती लागत नाही. तरी घरासमोर वीस बाय पंधराचा तुकडा मोकळा होता, आणि संध्याकाळी हिरवळीवर खुर्ची टाकून चहा घेणारा माणूस मी सिनेमात फार वेळा पाहिला होता.

नर्सरीवाला म्हणाला, "बर्म्युडा घ्या सर. ऊन सोसते, तुडवलं तरी मरत नाही." आमच्या घरात बर्म्युडा म्हणजे गुडघ्यापर्यंतची चड्डी. त्या नावाचं गवतही असतं, हे मला साठीनंतर कळलं. चौरस फुटाच्या भावानं, चटईसारखं गुंडाळून, ते टेम्पोतून आलं. मी खाली शेणखत पसरलं, वर गवत अंथरलं आणि पहिल्या पावसाची वाट पाहिली.

पावसाच्या आधी मामेभाऊ आला. कोरडवाहू शेतकरी माणूस. उकिडवा बसला, एक काडी उपटून तिची पेरं निरखली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वर्गातली ढ मुलं आठवली.

"दादा, हे त हराळी व्हय."

"बर्म्युडा आहे."

"आमी वावरातून हे काढाले बाया लावतो. अन् तू पैसे देऊन लावली?"

पुस्तकं काढून पाहिली. भाऊ बरोबर होता. वनस्पतिशास्त्रात दोन्हींचं नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहिली की दुर्वा, कपाशीत दिसली की हराळी, नर्सरीत गेली की बर्म्युडा. सरकारी कागदावर आडनाव बदलून घेणारी माणसं असतात, तसं.

पाऊस पडला आणि लॉन हिरवं झालं. नीट पाहिलं तर त्यातली निम्मी हिरवळ माझी नव्हती. अर्धं कुजलेलं शेणखत म्हणजे बियांचं बाजारगाठोडं असतं. गाय जे खाते त्यातलं कितीतरी बी पोटातून शाबूत बाहेर येतं. तरोटा आला, कुर्डू आला, घोळ पसरली. केना आला. हा केना मोठा कावेबाज. वर निळी फुलं दाखवतो आणि शिवाय जमिनीखाली, कोणाला न दिसणारी फुलं धरून तिथेही बी करतो. कोपऱ्यात गाजरगवतानं डोकं काढलं. 1955 साली पुण्यात दिसलेलं हे मेक्सिकोकडचं झाड परदेशी गव्हातून आलं म्हणतात. 1984 मध्ये त्याला खाणारे मेक्सिकन भुंगेही सरकारनं सोडले. माझ्या कोपऱ्यापर्यंत त्यातला एकही पोचला नाही. तेवढं मात्र मी फुलं येण्याआधी, हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, मुळासकट काढलं. गाजरगवताच्या खाजेबद्दल मला विनोद सुचत नाहीत.

पण खरा सामना मोथ्याशी. त्याची दांडी चिमटीत फिरवून पाहा, गोल फिरत नाही, तीन कडा बोटाला लागतात. ओढली की सहज हातात येते आणि माणसाला वाटतं, जिंकलो. खाली काळी गाठ तशीच. ती गाठ दुसरीला, दुसरी तिसरीला बांधलेली, माळेतल्या मण्यांसारखी. माळ तुटली की प्रत्येक मणी आपापला कोंब काढतो. म्हणजे मी जितकी मेहनत केली तितका मोथा वाढला. एक गाठ फोडून हुंगली आणि ओळखीचा वास आला. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. गेल्या वर्षी मी पुडीचे पैसे मोजले होते.

मग कळलं की 1977 साली शास्त्रज्ञांनी 'द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स' नावाचं जगातल्या वाईट तणांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पहिला नंबर मोथ्याचा आणि दुसरा हराळीचा. म्हणजे मी दुसरा नंबर पैसे देऊन आणला होता आणि पहिल्या नंबरापासून त्याचं रक्षण करत होतो.

दुकानदारानं टू-फोर-डी सुचवलं. रुंद पानांची तणं मारतं, गवताला हात लावत नाही. पण मोथ्याचं त्यानं फारसं बिघडत नाही, आणि माझ्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी उभी. या औषधाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं आक्रसून बेडकाच्या पंजासारखी होतात. शिवाय 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हापासून पाठीवरच्या पंपाचं नाव काढलं की बायको पुढचं बोलणं ऐकूनच घेत नाही. मीही मग काढत नाही.

राहिलं खुरपं. निंदायला एक बाई बोलावल्या. त्या ओळीनं सरकत निघाल्या आणि मागे तण तसंच.

"मावशी, हे राहिलं."

"गुरुजी, हे काऊन उपटाचं? हे त घोळ व्हय. भाजी होते." मग तरोट्याचा कोवळा पाला पदरात गेला, कुर्डूही गेला. आघाड्याला तर बायकोनंच हात लावू दिला नाही. श्रावणात जिवतीच्या माळेला आघाडा-दुर्वा लागतात, ऋषिपंचमीला दात घासायला त्याच्याच काड्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. बायकोनं लॉनकडे एकवार नजर फिरवून सांगितलं, "इथं बैल कधी आलाच नाही." ऋषिपंचमीची भाजी घरच्या घरी झाली. मला ती जरा चढ्या भावानं पडली, एवढंच.

कातरणीनंही करून पाहिलं. उभा वाढणारा तरोटा दोन-तीन कातरणीत थकतो. दुधी थकत नाही. ती जमिनीला चिकटून पात्याच्या खाली फुलते, मागच्या बाकावर मान घालून डबा खाणाऱ्या पोरासारखी. एकदांडीही तशीच, पण तिच्याशी माझा करार आहे. खुरपं बोटाला लागलं की तिचाच पाला चुरडून लावतो.

गणपतीत सकाळी सहापासून गल्लीतली पोरं फाटकाशी. तीन-तीन पात्यांच्या दुर्वा, एकवीसची जुडी. दहा दिवसांत त्यांनी बर्म्युडा व्यवस्थित खुडून नेली. मोथा कोणी नेला नाही.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास शेजारी फाटकाशी आला. फाटक उघडून आत यायच्या ऐवजी त्यानं मला बाहेर बोलावलं.

"गुरुजी, तुमचं बर्म्युडा आमच्या वावरात आलं."

जाऊन पाहिलं. मोथ्याच्या गर्दीत जिला माझ्या अंगणात पाय टाकायला जागा नव्हती, ती कुंपणाच्या फटीतून निघून पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये ऐसपैस पसरली होती. पेरापेराला मुळं, हिरवीगार, दाट, गालिच्यासारखी. नर्सरीवाल्यानं फोटोत दाखवली होती अगदी तश्शी.

मी घरात जाऊन खुरपं आणलं. दोन पऱ्हाट्यांच्या मध्ये बसलो आणि चौरस फुटाच्या भावानं घेतलेलं लॉन खणायला लागलो. शेजारी धुऱ्यावर उभा राहून पाहत होता.

"खोल जाऊ द्या खुरपं," तो म्हणाला. "अन् काड्या इथं टाकू नका. पुन्हा धरते."