टायविनराव लॅनिस्टर यांस, स. न. वि. वि.

मु. पो. कॅस्टर्ली रॉक, वेस्टेरॉस

पत्र पोचायचं नाही, ठाऊक आहे. २०१४ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या चौथ्या पर्वाच्या अखेरीस तुम्ही संडासात बसलेले असताना धाकट्या चिरंजीवांनी, टिरियननं, क्रॉसबोचे दोन बाण मारले, तेव्हापासून तुमचा पत्ता बदललाय. तरी लिहितो. तुम्ही सत्तेसाठी माणसं मारलीत असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. सत्ता होतीच की! आधी जावई गादीवर, मग नातू. राज्याच्या साठ लाखांच्या कर्जात तीस लाख तुमचेच. एवढं असताना माणसाची झोप कशानं उडते?

तुमचा पहिला प्रवेश आठवतो. छावणीतला तंबू, मेजावर मेलेलं शिंगाळं हरीण, म्हणजे जावयाच्याच घराण्याचं निशाण, आणि तुम्ही बाह्या सारून ते सोलताय. एका हातानं कातडं ओढायचं, दुसऱ्या हातानं सुरी फिरवायची. तुमची भूमिका करणाऱ्या चार्ल्स डान्स यांच्या हाताखालचं ते हरीण खरं होतं. समोर थोरला मुलगा जेमी शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा, आणि तुम्ही त्याला सांगताय की आपण सगळे मातीत जाणार, राहणार ते घराण्याचं नाव. पोराकडे मात्र धड बघतही नव्हता तुम्ही. लक्ष सगळं हरणात.

नावाचं हे वेड कुठून आलं, ते मूळ कादंबऱ्यांत कळतं. तुमचे वडील, टायटोसराव, भोळा माणूस. उसने द्यायचे आणि परत मागायला संकोचायचे. घेणारे त्यांच्याच पंगतीला बसून त्यांना हसायचे. ते हसू तुमच्या कानात बसलं. विशी गाठता गाठता तुम्ही मुजोर रेन घराण्याचा निर्वंश केलात. त्यावर गाणंही झालं. पुन्हा कुणी हसू नये, एवढ्यासाठी!

तेच गाणं तुमच्या मित्रांनी लग्नात वाजवलं. वॉल्डर फ्रे म्हणजे पुलाच्या टोलवर गबर झालेले गृहस्थ. बडी घराणी त्यांना टोलनाक्यावरचा माणूसच समजायची. तुमच्याशी लढणाऱ्या रॉब स्टार्कनं त्यांची लेक करायचं कबूल केलं आणि लग्न लावलं भलतीशीच. मानपानावरून आमच्याकडे व्याही रुसतात, फार तर ताटावरून उठतात. यांनी पाहुण्यांना भाकरी-मीठ दिलं आणि मग दारं लावून घेतली. आमच्याकडे खाणाऱ्यानं मिठाला जागायचं असतं. वेस्टेरॉसात ते वाढणाऱ्यावरही बंधनकारक होतं. तुम्ही राजधानीत बसून फक्त पत्रं लिहिलीत. हजारो माणसं रणात मारण्यापेक्षा डझनभर पंगतीत मारलेली स्वस्त पडतात, हा तुमचा हिशेब. या कटातले तुमचे साथीदार रूस बोल्टनही हिशेबीच. नवरीच्या वजनाइतकी चांदी हुंड्यात मिळणार म्हटल्यावर त्यांनी फ्रे घराण्यातली सगळ्यात जाडी मुलगी निवडली. या मंडळींना राक्षस म्हणताना जीभ अडखळते. राक्षस तराजू घेऊन बसत नाहीत.

आता खाणींचं. लॅनिस्टर देणं फेडतातच, ही म्हण तुमच्या घरातल्या नोकराचाकरांच्याही तोंडी. आणि एके दिवशी तुम्ही लेकीला, सर्सीताईंना, हळूच सांगता की आपल्या सोन्याच्या खाणी तीन वर्षांपूर्वीच आटल्या, आयर्न बँकेचं कर्ज डोक्यावर बसलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची! सगळा दरारा उधारीवर चालला होता, हे कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला तुमचा पुळका आला. पिचलेल्या सावकाराचा यावा तसा. तुमच्यामागून मालिकेतल्या दुष्टांना कारणंच सुचेनात. तो युरॉन ग्रेजॉय कशासाठी गलबतं बुडवत होता, हे त्याला तरी माहीत असेल का?

मुलांची मात्र तुम्ही नाण्यांसारखी मोड केलीत. सर्सीताईंना दुसऱ्यांदा खपवायला काढलंत. टिरियनच्या जन्माच्या वेळी आई गेली, तर त्याचंही देणं त्या पोराच्याच खात्यावर. कॅस्टर्ली रॉक मागायला आला, तेव्हा त्याला काय काय ऐकवलंत!

कळावे, लोभ असावा, असं आम्ही शेवटी लिहितो. तुमच्या बाबतीत वेगळं मागायची गरज दिसत नाही.

ता. क. : आयर्न बँकेचं देणं सर्सीताईंनी हायगार्डन लुटून फेडलं. पुढे त्या आणि जेमी एकाच ढिगाऱ्याखाली गेले. तिसऱ्या पर्वात तुमच्या बैठकीत टिरियननं आपली खुर्ची करकर ओढत तुमच्या समोरच्या टोकाला नेली होती, आठवतं? २०१९ सालच्या शेवटच्या भागात तो त्याच राज्याचा प्रधान झालाय. बैठकीला अजून कुणी आलेलं नाही आणि तो एकटाच मेजाभोवतीच्या खुर्च्या सरळ रेषेत लावतोय. एक जराशी वाकडी राहिली, म्हणून पुन्हा मागे फिरला.