उद्घाटन होऊन गेलेल्या तटाची कैफियत

शिक्रापूरच्या चाकण चौकात वाहनांच्या रांगेत अडकलेल्या मनुष्यास चिंतनाला जो विपुल अवकाश लाभतो, तो पूर्वी तपोवनातच लाभत असे. आणि छत्रपती संभाजी महाराजांची समाधी येथून जवळच, वढू बुद्रुकला असल्यामुळे त्या चिंतनास साहजिकच स्मारकांचे वळण लागते. समाधिस्थळी भव्य स्मारक व्हावे म्हणून राज्याच्या 2022 च्या अर्थसंकल्पात 250 कोटींची तजवीज जाहीर झाली, यास कोणाही शहाण्याची हरकत असू नये.

हरकत आहे ती भीमा नदीच्या काठी, दौंड तालुक्यासमोर, पेडगावी उभ्या असलेल्या तटाची. 1689 साली महाराजांना कैद करून ज्या बहादूरगडात औरंगजेबापुढे आणले, तो हा गड. पडकी तटबंदी, जुनी देवालये आणि नदीचे पाणी वर चढवणाऱ्या हत्तीमोटेचे अवशेष एवढा ऐवज पदरी असूनही त्याच्या नशिबी ढोल-ताशे नाहीत. कारण जे तीन शतकांपूर्वीच बांधून झाले, त्याचे भूमिपूजन करणे कितीही कर्तबगार मंत्र्यास साधणारे नव्हे.

नव्याची गोष्ट निराळी. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी यथासांग झाले. स्मारकाने अद्याप पाण्याबाहेर डोके काढलेले नाही, तरी पूजनाचे पुण्य काही बुडाले नाही. मालवणचा शिवरायांचा 35 फुटांचा पुतळा डिसेंबर 2023 मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला. 1664 साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग समोरच लाटा खात हे सारे पाहत होता. (त्या बांधकामावर सल्लागार कोण होता, याची चौकशी व्हायला हवी.) पडलेल्याच्या जागी 2025 मध्ये 60 फुटांचा पुतळा आला, यावरून कोसळणे हेही बढतीचे एक साधन ठरते, मात्र ही सवलत जुन्या बुरुजांना लागू नाही.

यास्तव सरकारदरबारी नम्र विनंती, की पेडगावचा जो हात-दोन हात तट दुरुस्त होईल, त्याच्या शेजारी फळी रोवून तीवर एकेका मान्यवराचे नाव लिहू द्यावे. कोनशिला मात्र नको, चुनाच पुरे. दर पावसाळ्यात नाव धुऊन जाईल, दर दसऱ्याला नवे उद्घाटन करता येईल, आणि निवडणुकीत खाते बदलले तरी फळी बदलण्याचा खर्च पडणार नाही.