स्वलेखन-प्रकटन-मीमांसा

मीमांसकांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक अधिकरणाला पाच अंगे असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. ही चौकट घडली यज्ञयागाच्या वादांसाठी, पण ती नोकरीच्या अर्जालाही चपखल बसते. फरक इतकाच की येथे बळी कोणाचा, हा वाद उरत नाही.

विषय. अर्जात 'छंद' नावाचा एक रकाना असतो. परंपरेने त्यात 'वाचन, संगीत, प्रवास' ही त्रयी भरतात. पैकी वाचन म्हणजे लोकलमध्ये पुढच्याच्या हातातले वर्तमानपत्र, संगीत म्हणजे वरच्या मजल्यावरचे, आणि प्रवास म्हणजे तीच लोकल. ही त्रयी निरुपद्रवी असल्यामुळे तिच्यावर भाष्याची गरज नाही. घोटाळा होतो तो चौथ्या छंदाने, म्हणजे स्वलेखनाने.

व्याख्या अशी: जे कोणी मागितलेले नसते, ज्याचे मानधन 'पुढच्या महिन्यात' येते आणि ज्यातले विनोदी पात्र हमखास साहेब असते, ते स्वलेखन. यातून रोजनिशी आणि वाण्याची यादी आपोआप वगळली जाते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाण्याच्या टाकीविषयी लिहिलेले खरमरीत निवेदन स्वलेखनात मोडते की नाही, याविषयी मतभेद आहेत. सेक्रेटरी त्याला कादंबरी म्हणतात. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला आणि मराठी नोकरदाराची वर्षातून एकदा लेखक होण्याची सोय झाली. प्रस्तुत प्रश्न त्या सोयीचेच अपत्य आहे.

संशय. रकान्यात 'विनोदी लेखन' असे लिहावे, की हात 'प्रवास'पाशीच आवरावा?

पूर्वपक्ष. आवरावा. पहिला दाखला लोकहितवादींचा. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये समाजाची खरडपट्टी काढत होते. पण ती टोपणनावाने. त्या पत्रांना 'शतपत्रे' म्हणतात, प्रत्यक्षात ती १०८ भरतात. सरकारी माणसाच्या नावे आठ पत्रे बिनहिशेबी निघावीत, हे सूचक आहे.

दुसरा दाखला १९३३ सालच्या 'कळ्यांचे निःश्वास'चा. पुस्तकावर नाव होते विभावरी शिरूरकर, लिहिणाऱ्या होत्या शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे. ही विभावरी कोण, या शोधात अख्खा महाराष्ट्र गुंतला होता. म्हणजे नाव झाकल्याने वाचक घटत नाहीत, उलट गुप्तहेर वाढतात.

तिसरा दाखला उलट बाजूने. आकाशवाणीत नोकरीला असलेल्या मर्ढेकरांनी 'काही कविता' स्वतःच्या नावाने छापल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले ही गोष्ट खरी; पण मुलाखतीत 'सध्या काय चालले आहे?' याला 'खटला' हे उत्तर बरे दिसत नाही.

येथे गडकऱ्यांची विभागणी ध्यानात घ्यावी. नाटकाला राम गणेश गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. नाटक तेवढे खऱ्या नावावर ठेवून कविता आणि विनोद दोन परक्या खात्यांत टाकलेले दिसतात. यावरून जोखमीचा क्रम ताडता येतो.

उत्तरपक्ष. लिहावे. हेतू तीन.

एक, शासनच उदार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत साहित्यिक, कलाविषयक आणि शास्त्रीय स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला वाव ठेवला आहे. अट एवढीच की मूळ कामाला बाधा येऊ नये. आता साहेबावरचा विनोदी लेख साहित्यिक ठरतो का? आमच्या मते लेखातला साहेब जोवर खऱ्या साहेबाला ओळखू येत नाही, तोवर तो साहित्य. ओळखू आला की तीच तक्रार. सुदैवाने कोणताही साहेब लेखात स्वतःला ओळखत नाही, तो शेजारच्या खात्याच्या साहेबाला ओळखतो आणि मनापासून हसतो.

दोन, लपवून उपयोग नाही. हल्ली नाव टाइप केले की माणसाची दहा वर्षांपूर्वीची चारोळीसुद्धा वर येते.

तीन, आणि हा हेतू निर्णायक आहे: झाकावे का, असे विचारणाऱ्याला मुळात झाकायचे नसते. आपला लेख आलेला दिवाळी अंक तो होळीपर्यंत टीपॉयवरून हलवत नाही.

प्रत्यक्ष प्रमाण. अनुमानावर विसंबू नये म्हणून प्रस्तुत लेखकाने स्वतःवर प्रयोग केला. एका कंपनीच्या अर्जात 'विनोदी लेखन' लिहिले आणि मुलाखतीला जाताना फायलीत अंकही ठेवला. साहेबांनी रकान्यावर बोट ठेवले.

"लिहिता वाटतं?"

"हो, थोडंफार."

साहेबांनी शिपायाला बाहेर पाठवले, दार लावून घेतले आणि खण उघडला. आता यातून नकाराचे पत्र निघणार, असे वाटून मी खुर्चीतून अर्धा उठलो. निघाली एक रेक्झिनच्या कव्हराची वही.

"मीही करतो. चारोळ्या. वरच्या साहेबांना ठाऊक नाही हं. ऐका."

सतरा झाल्या. नोकरी सहाव्या चारोळीला पक्की झाली असावी, कारण तिथे मी 'वा' म्हणालो होतो. माझ्या फायलीतला अंक फायलीतच राहिला.

निर्णय. दोन्ही पक्षांनी साहेबाला वाचक मानले, तेथे त्यांची चूक झाली. महाराष्ट्रात टेबलाच्या त्या बाजूलाही एक उमेदवार बसलेला असतो आणि त्यालाही हाच संशय छळत असतो. सबब 'विनोदी लेखन' हे शब्द रकान्यात खुशाल लिहावेत. मात्र त्यांचा अर्थ 'मी लिहितो' असा न होता 'मी ऐकून घेईन' असा होतो, हे जाणून लिहावेत.

फलश्रुती. या गोष्टीला नऊ वर्षे झाली. दर शुक्रवारी चारनंतर दार लागते. स्वतःचा लेख त्यानंतर एकही झाला नाही. मूळ कामाला बाधा येऊ नये ही अट मात्र कसोशीने पाळली आहे. कारण चारोळ्या ऐकणे हेच आता मूळ काम आहे. सध्या दुसरीकडे अर्ज भरतो आहे. छंद: वाचन, संगीत, प्रवास.