वाकडेपणाची मुभा

यंत्रभागाचे ड्रॉइंग हा मुळात एक करारनामा आहे, ही गोष्ट ते काढणाऱ्यास ठाऊक असते आणि वाचणाऱ्यास बहुधा माल रिजेक्ट झाल्यावर कळते. कागदावरची रेषा सरळ असते, कोन बरोबर नव्वद अंशांचा असतो आणि भोक निर्दोष वर्तुळाकार असते. लोखंडास मात्र यांपैकी कशाचीही सवय नसते. म्हणून त्याच कागदावर जागोजागी लहान लहान चौकटी आखून, कोणत्या पृष्ठाने किती वाकावे, कोणत्या भोकाने किती सरकावे आणि कोणत्या दांड्याने फिरताना किती हेलकावे खावेत, याचा तपशीलवार हुकूमनामा त्यांत लिहून ठेवण्याची वहिवाट आहे. या विद्येला कारखान्यांत सगळेजण ‘जीडी अँड टी’ म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज किंचित खाली आणतात.

नारायणगाव व आळेफाटा यांच्या दरम्यान, पुणे-नाशिक रस्त्यालगतची पिंपळवंडी हे माझे गाव. आमच्याकडचा जो मुलगा टोमॅटोत किंवा कांद्यांत रमत नाही, तो याच रस्त्याने दक्षिणेकडे चाकण-भोसरीची वाट धरतो आणि तिथल्या एखाद्या शेडमध्ये हातांत व्हर्नियर घेऊन उभा राहतो. मी उभा राहिलो तो तपासणी खात्यांत. त्यामुळे ‘चालतंय की साहेब’ हे वाक्य जितक्या विविध स्वरांत मी ऐकले आहे, तितक्या स्वरांत एखाद्या गवयाने यमनही आळवला नसेल.

चौकटीचा एक मासला देतो. पहिल्या घरांत फुलीने छेदलेले वर्तुळ. दुसऱ्यांत व्यासाची खूण, ०.१ हा आकडा आणि त्याच्या शेजारी वर्तुळांत कोंडलेला एम. मग ए, बी, सी अशी तीन अक्षरे आपापल्या घरांत. डावीकडून उजवीकडे वाचत गेल्यास अर्थ निघतो तो असा, की ए या पृष्ठावर जॉब प्रथम बसवून, मग बी ला भिडवून आणि शेवटी सी ला टेकवून मोजले असता भोकाचा अक्ष ०.१ मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलाबाहेर जाता कामा नये. ए ला किमान तीन बिंदू टेकले पाहिजेत, बी ला दोन, सी ला एक. हा क्रम उलटा केला, तर तोच जॉब, तेच भोक आणि तोच डायल असूनही आकडा निराळा येतो, आणि व्हेंडर व खरेदीदार दोघेही शपथेवर खरे बोलत असतात.

पूर्वी हा सारा कारभार निव्वळ प्लस-मायनसवर चालत असे. भोकाचा मध्यबिंदू आडवा-उभा प्रत्येकी ०.०५ इकडे-तिकडे झाला तरी चालेल, असे म्हटले की परवानगीचा एक चौकोन तयार होतो. आणि चौकोनाचा अन्याय असा, की त्याच्या कोपऱ्यांत बसलेले भोक मध्यापासून ०.०७ दूर असूनही पास होते, आणि सरळ बाजूने ०.०६ सरकलेले बिचारे भंगारांत जाते. स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रिया येथील सरकारी टॉर्पेडो कारखान्यांत स्टॅन्ली पार्कर नावाच्या गृहस्थांच्या नजरेस १९३८ च्या सुमारास हा न्याय खुपला, कारण कागदाने नापास ठरवलेले भाग प्रत्यक्षांत निमूटपणे जागी बसत होते. त्यांनी चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ काढले. क्षेत्रफळ शेकडा ५७ ने वाढले, आणि भोकाला कोणत्याही दिशेने चुकण्याचा सारखा हक्क मिळाला. मनुष्यसंहाराच्या कारखान्यांतून इतकी समदर्शी कल्पना बाहेर पडावी, याचे मला अजून नवल वाटते. वर्तुळांतला एम तर त्याहून उदार. दहा मिलिमीटरचे भोक १०.२ पर्यंत चालणार असेल आणि ते प्रत्यक्षांत १०.२ चेच निघाले, तर बोल्टला जेवढी जागा जास्त मिळाली, तेवढी जास्त मुभा भोकाला सरकण्यासही मिळते. म्हणजे मूळच्या ०.१ चे बसल्या जागी ०.३ होतात.

हे सारे एकदा मी आमच्या नानांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, बांधाच्या मोजणीच्या दिवशी समजावून सांगत होतो. मोजणीदार अद्याप यायचे होते, शेजारी आपल्या बाभळीखाली बसून आमच्याकडे पाहत नव्हता, आणि वेळ काढणे प्राप्त होते. नानांनी ए, बी, सी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आरं, यात नवीन काय हाय? बांध कुठं हाय ते मागून. आधी दगड कुठला धरायचा ते बोल. वढ्याकडचा धरला तर आंबा माझा, रस्त्याकडचा धरला तर त्याचा.” तीन दिवसांचा वर्ग भरवून कंपनीला जे आमच्या गळी उतरवता आले नव्हते, ते नानांना तेहतीस फुटी साखळीच्या जमान्यापासून अवगत होते. फरक इतकाच, की आमच्या ड्रॉइंगवर दगड कुठला धरायचा हे लिहिलेले असते आणि तरीही कोणी वाचत नाही.

वाचावे असे लिहिलेले असते असेही नाही. डिझायनर नामक प्राण्यास कोणता आकडा लिहावा हे उमगले नाही, की तो ०.०२ लिहितो, जसा एखादा धास्तावलेला कारकून प्रत्येक लखोट्यावर ‘अति तातडीचे’ असा शिक्का मारतो. पत्र्याचा एक ब्रॅकेट आमच्याकडे येत असे, ज्याचे काम केवळ वायरींचा झुबका धरून ठेवण्याचे. त्याच्या सपाटीला ०.०२ ची मर्यादा. तो पत्रा सरफेस प्लेटवर ठेवला की बोटाच्या दाबाने सपाट होई, आणि बोट काढले की आपल्या स्वभावावर जाई. त्यासाठी ग्राइंडिंग झाले, रिवर्क झाले, सीएमएम या मोजयंत्रावर रांगा लागल्या, आणि अखेरीस तो जिथे बसला, त्या जागेवर रंगाचाच थर त्याहून जाड होता.

याउलट आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या खोडदकडे पाहा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली; १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांना गावोगाव पांगलेल्या. इतकी मोठी तबकडी म्हणजे आरशासारखे पॉलिश असेल, अशा समजुतीने विज्ञानदिनी तिथे जाणाऱ्याची निराशाच होते. दोऱ्यांनी ताणलेली स्टेनलेस तारेची जाळी, तिला एकापासून दोन सेंटिमीटरपर्यंतची भोके, आणि जो आकार दुरून गोलाईदार दिसतो तोही सपाट तुकडे जोडून साधलेला! पण या दुर्बिणीस ऐकायच्या लहरींत आखूडातली आखूड लहरसुद्धा सुमारे २१ सेंटिमीटर लांब; तिला एवढी भोके दिसतच नाहीत, आणि पृष्ठभाग लहरीच्या विसाव्या हिश्शाइतका, म्हणजे सेंटिमीटरभर, इकडेतिकडे झाला तरी तिचे काही बिघडत नाही. वारा मात्र त्या भोकांतून सुखेनैव निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आटोक्यांत. तात्पर्य काढण्याचा मोह आवरून इतकेच नोंदवतो, की दीर्घिकांतला हायड्रोजन ऐकणाऱ्यांना सेंटिमीटर माफ आहे आणि वायरींचा झुबका धरणाऱ्यास केसाच्या जाडीचाही हिशेब द्यावा लागतो.

जाता जाता एक बातमी. २०१८ च्या अमेरिकी मानकाने कॉन्सेंट्रिसिटी व सिमेट्री ही दोन चिन्हे वगळली आणि चौदांची बारा केली. आमच्याकडच्या जुन्या ड्रॉइंगांवर ती दोघे अद्यापि सुखाने नांदत आहेत. त्यांना कोणी कळवलेले नसावे.

मोजणीदार आले, त्यांनी रस्त्याकडचा दगड धरला आणि आंबा शेजाऱ्याकडे गेला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जबाबावर सही करता करता त्यांनी मला जवळ बोलावले आणि हलक्या आवाजांत विचारले, “मघाचा तो एम. शेजाऱ्याचं रान जास्त भरलं, तर जास्तीची सवलत आपल्या बांधाला मिळती का रं?”

मी मानकातली तरतूद आठवून पाहिली. ती बोल्टपुरतीच होती.