प्रस्तुत संशोधक

माझ्याकडे पीएच.डी.ला असलेली मंडळी बोलतात फार छान. लिहायला बसली की मात्र त्यांना एक भूत झपाटतं. त्याचं नाव प्रस्तुत संशोधक. पहिल्या पानावर ते अंगात येतं आणि ग्रंथसूची संपेपर्यंत उतरत नाही. 'मी कागद वाचला' असं त्याला म्हणता येत नाही. 'प्रस्तुत संशोधकाकडून सदर दस्तऐवजाचे वाचन करण्यात आलेले आहे' असं ते म्हणतं, आणि धाप वाचणाऱ्याला लागते.

मी जिल्ह्याच्या गावी इतिहास शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी स्वतःच कुठेतरी प्राध्यापक, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यामुळे मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम. दोन्हीकडून इतका मान असतो की खर्डा वाईट आहे हे सांगण्यातच एक सत्र निघून जातं.

त्यातल्या एका सरांचा विषय पेशवाईतली जकात. मोडी त्यांना उत्तम येते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचा रुमाल सोडून बसले की जेवणाची आठवण राहत नाही. एकदा तिथून परतले ते थेट विभागात, आणि उभ्याउभ्याच सांगायला लागले. एका व्यापाऱ्यानं बैलांवर मीठ लादून नेलं. एका नाक्यावर जकात भरली. पुढच्या नाकेदारानं ती पुन्हा वसूल केली. व्यापाऱ्यानं सरळ पुण्याला तक्रार लिहिली. सरांनी नाकेदार करून दाखवला, व्यापारी करून दाखवला, एक बैलसुद्धा करून दाखवला. आमचे शिपाईमामा चहाचे कप न्यायला आले होते, ते कप हातात धरून तसेच उभे राहिले.

"हेच लिहून आणा," मी म्हटलं.

लिहून आलं ते असं: 'प्रस्तुत संशोधकाने सदर कालखंडातील जकातविषयक बाबींचा चिकित्सक अभ्यास करण्याचा अल्पसा प्रयत्न केलेला असून त्यावरून अनेक बाबी स्पष्ट होतात.'

"कोणत्या बाबी, सर?"

"त्या पुढे येतील, मॅडम."

मी शेवटच्या पानापर्यंत गेले. बाबी आल्या नाहीत. बैल तर कुठेच नव्हता. त्याऐवजी 'इतिहास' शब्दाची व्युत्पत्ती होती, हेरोडोटस होता, ई. एच. कार होते. आपल्याकडे कुठल्याही जकातनाक्यावर पोचायचं तर ग्रीसहून निघावं लागतं. शोधगंगेवर जाऊन पाहा, इतिहासाच्या प्रबंधांची पहिली प्रकरणं एकाच घरातली वाटतात.

मग मी उपाय केला. म्हटलं, बोला, मी फोनवर रेकॉर्ड करते, तेच नंतर उतरवू. रेकॉर्डिंग सुरू झालेलं दिसताच सरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "प्रस्तुत संशोधकाने..."

शेवटी मामांनाच बोलावून बसवलं. "सर, यांना सांगा." मामांसमोर भुताचं काही चालेना. सरांनी पुन्हा सगळी हकीकत रंगवून सांगितली. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याचे पैसे परत मिळाले का?"

आम्ही दोघंही गप्प. कोर्सवर्क झालं होतं, सिनॉप्सिस मंजूर झालं होतं, समितीपुढे सादरीकरणं झाली होती, आणि हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता. सर पुन्हा पुण्याला गेले. पैसे परत करावेत अशी नाकेदाराला गेलेली ताकीद सापडली. पैसे परत मिळाल्याचा कागद काही सापडला नाही.

"म्हणजे आमच्या सातव्या वेतनाच्या फरकासारखं," मामा म्हणाले.

हुकूम निघणं आणि हुकूम बजावला जाणं यांतलं अंतर, हा सरांचा शोधनिबंध. आता तो 'मी'मध्ये लिहायचा की नाही, यावर वाद. 'मी' म्हटलं तर परीक्षक उद्धट समजतील ही त्यांना भीती. मी त्यांना हेदरिंग्टन यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मिशिगनमधले हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी एकट्यानं लिहिलेल्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' असं टाइप केलं होतं. एकच लेखक असताना हे चालणार नाही, असं सहकाऱ्यानं लक्षात आणून दिलं. सगळं पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी आपल्या मांजराला सहलेखक केलं. 1975 साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये तो निबंध एफ. डी. सी. विलार्ड या मांजराच्या नावासकट छापून आला.

"मॅडम, मांजराला प्रमोशनसाठी धरला असेल का तो?" सरांनी विचारलं. माणूस प्राध्यापक झाला की त्याला असले प्रश्न आपोआप सुचतात.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं बरं होतं. 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंडामागून खंड काढले, कुणाची समिती नाही की सहामाही प्रगती अहवाल नाही. त्यांचा स्वभाव पाहता कुणी त्यांचा मार्गदर्शक नेमला असता तर मला त्या मार्गदर्शकाचीच काळजी वाटली असती.

दुसरे एक सर याच्या अगदी उलट. त्यांना लिहायची अडचण कधीच आली नाही. प्रबंध भराभर झाला, साम्य तपासणीला गेला आणि अहवाल आला: शून्य टक्के. सरांनी विभागात पेढे वाटले. मग कळलं की डीटीपीवाल्यानं मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बसवला होता. यंत्राला तो मराठी दिसलाच नव्हता, नुसतीच इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली होती. युनिकोड करून पुन्हा लावला आणि पेढे कडू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत माफ, चाळीसपर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्या, साठाच्या वर नोंदणीच रद्द. सर चाळिसाच्या आत बसले, म्हणून वाचले. पण अहवालात ऋणनिर्देशही रंगलेला होता. नीट वाचला तर सरांनी 'माझे यजमान यांनी घर आणि मुलं सांभाळल्याबद्दल' मनापासून आभार मानले होते.

लिहून झालं तरी छापायचं कुठे हा घोर असतोच. 2016च्या नियमानं प्रबंध देण्याआधी एक निबंध छापून यायला हवा होता. गरज तिथे दुकान. दोन दिवसांत छापून देतो, प्रमाणपत्र घरपोच, असे निरोप व्हॉट्सअॅपवर अजूनही येतात. असल्या 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' अंकात पेशव्यांची जकात म्हशींच्या दुधाच्या आणि नॅनोकणांच्या मधोमध बसते. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची यादी केली, तर पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिच्यातली 1009 तपासली आणि 88 टक्के नापास ठरवली. 2018च्या मे महिन्यात यूजीसीनंच 4305 नावं उडवली. 2019मध्ये 'केअर' यादी आली. 2022मध्ये निबंधाची सक्तीच गेली. 2025मध्ये केअर यादीही गेली आणि चांगलं-वाईट आता आपलं आपण ओळखा असं ठरलं. यादी असताना तिला नावं ठेवणारे माझे सगळे विद्यार्थी त्या दिवशी पोरके झाल्यासारखे फोन करत होते.

जकातवाल्या सरांनी सक्ती नसतानाही निबंध पाठवायचं ठरवलं, आणि तोही एका जुन्या, चिकित्सक नियतकालिकाकडे. आम्ही वर्षभर त्यातला एकेक 'सदर' वेचून काढला. वाक्यं छोटी झाली. बैल परत आले. सुरुवात थेट नाक्यावर, मिठाच्या गोणीपाशी. मामांनी वाचून "समजतंय" एवढाच अभिप्राय दिला. माझ्या मते तोच सगळ्यात कडक.

बऱ्याच महिन्यांनी दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्यांना निबंध आवडला होता. एका तारखेचं हिजरीवरून केलेलं रूपांतर तेवढं तपासा म्हणाले, आणि ते त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्यांनी लिहिलं होतं: भाषा बोलीच्या अंगाने जाते, शोधनिबंधाला साजेशी भारदस्त शैली हवी. तसेच इतिहास म्हणजे काय, हे लेखकाने प्रारंभी स्पष्ट करावे.

मी रात्री सरांना फोन केला. धीर कसा द्यावा याची मनात जुळवाजुळव करत होते. सर मात्र आनंदात होते.

"मॅडम, तो हेरोडोटसवाला खर्डा मी डिलीट नाही केलेला. लगेच पाठवून देऊ का?"