सगळ्यात शेवटी रेडिएशनवाले?

फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट रेडिएशनच्या डॉक्टरांसमोर कधी येतो? अनेकदा बाकी सगळं करून झाल्यावर. आधी टीबी समजून गोळ्या, मग बायोप्सी, मग केमोची सायकल्स. गाठ पुन्हा वाढली की हातात चिठ्ठी पडते : रेडिएशनसाठी दाखवा.

हा क्रम चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

नॉन-स्मॉल सेल प्रकारचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यात असेल, ऑपरेशन होण्यासारखं नसेल आणि पेशंटला झेपणार असेल, तर केमो आणि रेडिएशन बरोबरीनं द्यायचं. एकामागून एक देण्यापेक्षा त्यानं जास्त माणसं जगतात, हे सिद्ध होऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर वर्षभर ड्युर्व्हॅलुमॅब नावाची इम्युनोथेरपी. पॅसिफिक नावाच्या चाचणीत हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, न घेतलेल्यांपैकी ३३ टक्के. मात्र या चाचणीत घेतले होते ते केमो-रेडिएशन एकत्र पार पाडलेलेच पेशंट. म्हणजे सहा आठवड्यांचं रेडिएशन पहिल्या दिवशीच आखायला हवं.

गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. पुरेसा डोस देताना किती फुप्फुस आणि किती हृदय वाचेल, हे रेडिएशनच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिल्याशिवाय कोण सांगणार? गाठ फार मोठी असेल तर आधी केमो हेच योग्य ठरेल. पण तेही त्यांना विचारून ठरू दे.

सर्वांत जास्त राग येतो तो पहिल्या टप्प्यातल्या पेशंटचं काय होतं ते पाहून. गाठ लहान, पण फुप्फुसं विडीनं पोखरलेली. 'ऑपरेशन झेपणार नाही' म्हणून घरी पाठवतात. अशा गाठीवर तीन ते पाच बैठकांत नेमकं, जोरदार रेडिएशन देता येतं. त्याला एसबीआरटी म्हणतात, आणि ते बरं करण्यासाठीच दिलं जातं. हे घरच्यांना सांगायलाही कुणी नसावं?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. जिल्ह्याच्या गावी मशीन नसेल, तरी स्कॅन पाठवून मत मागवता येतं.

घरात कुणाला हा आजार निघाला, तर पहिली केमो लागण्याआधी एवढं विचारा : रेडिएशनच्या डॉक्टरांनी ही फाइल पाहिली आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर आधी ती दाखवून घ्या.